अलकापुरीतली हिरवी भिंत, वर्षभरानंतर

गेल्या वर्षी बडोद्याच्या एका भिंतीबद्दल मी इथे भरभरून लिहिलं होतं. अलकापुरीतल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या मावसबहिणीनं, अनघानं, लोखंडी चौकटीत कुंड्या बसवून जमिनीपासून छतापर्यंत झाडं लावली होती. तेव्हा ती भिंत जेमतेम चार दिवसांची होती, हे लिहायचं राहिलं. महिन्यापूर्वी नाशिकच्या एका वाचक बाईंनी विचारलं, तुमचं वाचून झोपायच्या खोलीत तशी भिंत करतेय, वर्षभरानं कशी दिसते? मला माहीत नव्हतं. तिकीट काढलं.

पुण्याहून रात्री निघालेली गाडी सकाळी बडोद्याला पोचते. अलकापुरीच्या बाजूनं बाहेर पडलात तर रिक्षाची गरज नाही. आधी सेव-उसळ खाऊन घ्या. रस्सा मागाल तितका वाढतात.

अनघा मला गोरवा भागातल्या तिच्या भाड्याच्या शेडमध्ये घेऊन गेली. चौकटींचं वेल्डिंग चालू होतं. एका हॉटेलची मोठी ऑर्डर या आठवड्यात ठरणार होती. "मिळाली तर शेड राहील," ती म्हणाली.

दुपारी दवाखान्यात गेलो. भिंत हिरवीगार. काउंटरवरच्या बेननं सहज सांगितलं, दर पंधरा दिवसांनी निम्म्या कुंड्या नर्सरीत जातात, ताज्या येतात. मग मी त्याच भिंतीच्या पलीकडच्या एक्स-रेच्या खोलीत डोकावले. रंगाला फुगे आले होते. हात लावला तर पोपडाच निघाला. अनघानं तो पाहिला.

"ताई, हॉटेलचं नक्की होईपर्यंत लिहायचं थांबशील?"

मी बघते म्हणाले. परतीच्या गाडीत वाटत राहिलं, मला खरंच नाशिकच्या बाईंची काळजी आहे की माझी जुनी चूक पुसायची घाई? दोन्ही असावं. पण त्या बाईंचा गवंडी सोमवारी येणार होता.

घरी येऊन लिहिलं आणि आधी अनघाला फोनवर वाचून दाखवलं. 'मागच्या भिंतीला किंचित दमटपणा जाणवला' या वाक्यावर तिनं थांबवलं.

"दमटपणा काय, ताई? आम्ही इकडे भेज म्हणतो, तुम्ही ओल म्हणता. ओल आलीय, तसं लिही. मी मागे पत्रा लावला नाही, दोन बोटं जागा सोडली नाही, तेही लिही."

तर, भिंतीला ओल आली आहे. मागे पत्रा आणि मोकळी जागा नसेल तर घरात ही भिंत करू नका.

हॉटेलचं काय झालं, हे मला अजून विचारवलेलं नाही.