दिव्यांवरची काळी पट्टी

नव्याकोऱ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दिव्यांवर मी एकदा काळी चिकटपट्टी लावली होती. मापात कापून, नखाने कडा दाबून दाबून. तेव्हा मी नुकतीच साठीत शिरले होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

कारण लोक! पंचवटीतून भर दुपारी निघाले की समोरून येणारा प्रत्येक जण पंजाची उघडझाप करून दाखवायचा. दिवा चालू आहे, बंद करा. रिक्षावाले, स्कूटरवाल्या मुली, बाजारात मेथीच्या जुड्या लावणारी बाईसुद्धा. एका काकांनी तर सिग्नलला काच ठोठावली. "मॅडम, लाइट! नवीन शिकलात का?"

नवीनच शिकले होते. तेच तर झोंबलं.

गाडीतलं एकेक बटण दाबून पाहिलं. वायपर फिरले, काचेवर पाणी उडालं, कुठून तरी गार वारा आला. दिवे आपले तसेच. शेवटी घरी येऊन आदळआपट केली. मुलगा ओझरच्या कारखान्यात विमानांची कामं करतो, पण आईला उत्तर देताना ताटातून मान वर काढत नाही.

"आई, त्यांना बटणच नाहीये. इंजिन सुरू झालं की दिवसाचे ते दिवे आपोआप लागतात. अंधार पडल्यावर हेडलाइट लावलास की मंद होतात. तुला रस्ता दिसावा म्हणून नाहीत ते. समोरच्याला तू दिसावीस म्हणून आहेत."

"मला बघायला काय जत्रा भरलीय?"

"आणि एक सांगतो, गाडीला ओरखडा जरी आला ना, तर किल्ली माझ्याकडे."

त्या किल्लीवर माझं वणीच्या बहिणीकडे कुणालाही न विचारता जाणं अवलंबून होतं. पण ऐकेल ती मी कसली! संध्याकाळीच पट्टी आणली.

दुसऱ्या दिवशी वणीच्या रस्त्याला एकानेही हात केला नाही. मी अशी ताठ बसले होते, जणू सगळा रस्ता माझ्या माहेरचा. पुढे वडांची दाट सावली लागली. गाडी राखाडी, सावलीही राखाडी. द्राक्षबागेतून एक ट्रॅक्टर आला. चालवणाऱ्याने माझ्या दिशेने चांगलं बघितलं आणि खुशाल रस्त्यावर चढला. मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. मध्ये वीतभर जागा उरली.

उतरून मी तोंड सोडलं. "डोळे आहेत का खाचा? एवढी मोठी गाडी दिसत नाही?"

तो ट्रॅक्टरवरून उतरला. गाडीपुढे वाकला, एक पट्टी ओढून काढली, मग दुसरी. आतला पांढरा उजेड डोळ्यांत घुसला. दोन्ही पट्ट्यांचा बोळा त्याने माझ्या हातावर ठेवला.

"लोक सारखे हात करतात, लाइट बंद करा म्हणून," मी पुटपुटले.

"हात मीबी केला असता मावशी, पन तुमी दिसायला तर पायजे ना!"