लोरेनची ताटली

भुतंखेतं, इशारे, मेलेली माणसं येऊन काही सांगून जाणं... असलं सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. गणिताची टीचर आहे मी. आता तुम्ही हसा, पण पूर्ण वाचून मग.

लग्नाआधी दोन वर्षं मी अमेरिकेत, साउथ डकोटात, लकोटा या तिथल्या मूळ आदिवासींच्या रिझर्वेशनवर, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या प्रदेशात, शिकवत होते. गाव म्हणजे एक शाळा, एक पेट्रोल पंप, त्यालाच चिकटलेलं दुकान, पाण्याची टाकी आणि चहूबाजूंना नजर पोचेल तिथवर गवत. पहिल्याच थंडीत माझ्या क्वार्टरची पाण्याची लाइन गोठली. शाळेच्या किचनमधली लोरेन आली आणि मला न विचारता माझी बॅग उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेली. साठी उलटलेली, जाडजूड, सतत कुणाची तरी टर उडवणारी बाई. तेव्हापासून ती मला चारचौघांत 'माझी पुतणी' म्हणायची, आणि गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

ती तळून ब्रेड करायची. तळहाताएवढा, चपटा, मधोमध बोटाने भोक पाडलेला. मी तिला आमचे वसईचे फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, करून घातले. "या काय, गोट्या?" म्हणाली, आणि बारा खाल्ले.

जेवायच्या आधी मात्र ती प्रत्येक पदार्थातलं थोडंथोडं ताटलीत काढून दाराबाहेर ठेवायची. गेलेल्या माणसांसाठी.

"कुत्री खातात ते," मी एकदा म्हटलं.

"खाऊ देत, त्यांनाही भूक असते. मी गेले की तूही ठेव. जिथे असशील तिथे. पहिला घास माझा."

मी हो म्हटलं होतं.

मग नेल्सनशी लग्न, मुलगी रिया, नेल्सनची ओमानची नोकरी. आम्ही बरकाला राहतो, खजुराच्या मळ्यांजवळ. लोरेन फोन करायची, पण दहा-अकरा तासांचा फरक... मी क्लासमध्ये तरी असायचे, नाहीतर रियाचा होमवर्क घेत. 'नंतर करते' म्हणत किती फोन सोडले. खोटं कशाला बोलू, कधीकधी कंटाळाही केला.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी तिच्या मुलीचा मेसेज आला – आई काल गेली. ताटलीची आठवण ठेव, असा तिचा तुला निरोप आहे.

नेमकं त्याच दिवशी नमाजनंतर नेल्सनचा अर्बाब, म्हणजे ओमानी मालक, सहकुटुंब जेवायला येणार होता. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचं होतं. मी ताटली काढली तसा नेल्सन म्हणाला, "अगं, दाराबाहेर अन्न? जादूटोणा समजतील ते. उद्या ठेव ना."

मला पटलं. इतकी वर्षं तिला 'नंतर' सांगत आले होते, त्यात अजून एक दिवस.

फुगे तळायला घेतले. फुग्यांचं पीठ सैल असतं, ओल्या मुठीतून दाबून तेलात सोडायचं. ते लाटता येत नाही, थापता येत नाही. किचनमध्ये मी एकटीच. पहिला घाणा टिश्यूवर काढला आणि फ्रिजमधली चटणी घ्यायला वळले, तेवढ्यात रिया आली.

"मम्मा, हा एक फ्लॅट का आहे? याला होल पण आहे."

गोल फुग्यांमध्ये तळहाताएवढा चपटा ब्रेड. मधोमध भोक, बोट जाईल एवढं.

मी किंचाळले. चिमट्याने तो उचलून डस्टबिनमध्ये टाकला, पिशवीला गाठ मारली आणि नेल्सनला ती आत्ताच्या आत्ता बाहेर टाकायला लावली. पाचच मिनिटांत बेल वाजली. पाहुण्यांना फुगे फार आवडले.

नेल्सन म्हणतो, दोन फुगे चिकटले असतील. मी नंतर मुद्दाम चिकटवून कितीदा तळून पाहिले. तसं होत नाही, भोक तर नाहीच पडत.

आता दर शुक्रवारी पहिला फुगा दाराबाहेर ठेवते. मांजरी खातात. एकदा अर्बाबने ते पाहिलं. माझा जीव वर-खाली. तो नुसता म्हणाला, "माशाल्ला, मुक्या जिवांना घालता? छान."

ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही, आणि आता भीतीही वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की तो ब्रेड चांगला गरम होता. त्यातला एक तुकडा मोडून उंबऱ्याबाहेर ठेवायला मला कितीसा वेळ लागला असता? ती एवढ्या लांब माझ्या घरी आली, आणि मी तिला कचऱ्यात टाकलं.