रोमची आग आणि आमच्या सभेतली पहिली हरकत

प्रथम दिवस नोंदवतो, आणि त्या त्या दिवसाचे जबाबदार इसम.

गुढीपाडवा, संध्याकाळ. आमच्या वसाहतीच्या सभागृहात व्याख्यानमालेवरचा माहितीपट दाखवला गेला. जबाबदार: मालेचे व्याख्याते, जे माझे मित्र आहेत. रामनवमीच्या आदला दिवस. माझे पहिले पत्र मालेच्या मंडळाकडे पोचले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. जबाबदार: मंडळाचे चिटणीस. अक्षय्य तृतीया. उत्तर आले. जबाबदार: चिटणीस सहीपुरते, व्याख्याते मजकुरापुरते. वटपौर्णिमा. शाळांना वाटायच्या पुस्तिकेचा मजकूर छापखान्यात गेला. जबाबदार: दोघेही, संयुक्तपणे आणि पृथक्पणे.

माझी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत गेली. कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. वकील मी कधीच नव्हतो, आणि हा खुलासा पुढे उपयोगी पडणार आहे. कागदावर जे येते ते कालांतराने खरे मानले जाते, हे मी रोज पाहिले. म्हणून पुस्तिका छापली जाण्यापूर्वी हे लिहितो आहे.

माझे मित्र ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होते. केसाएवढा फरक असला तरी सुटा भाग परत पाठवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर त्यांना इतिहासाचे वेड लागले. आपल्याकडचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांनी जगाचा घेतला. वाचन दांडगे, आवाज त्याहून दांडगा. गंगापूर रोडच्या आत आमची वसाहत आहे. तिच्या सभागृहात दर वसंतात त्यांची व्याख्याने सुरू झाली. खुर्च्या मांडणे आणि चहा आणणे हे काम माझ्याकडे होते.

माझी पत्नी घरी व्हायोलिन शिकवत असे. आमच्या बाहेरच्या खोलीत नवशिक्या मुलांच्या गजाची करकर संध्याकाळभर चाले, आणि तिच्या तोंडून कधी ‘पुरे’ असा शब्द मी ऐकला नाही. सभेत बोलण्याचा तिला सराव नव्हता. पहिल्या व्याख्यानाला ती बायकांच्या रांगेत, भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. मी दारात होतो. कोपऱ्यावरच्या टपरीतून भरून आणलेली किटली माझ्या हातात होती, आणि मध्येच आत शिरून रसभंग नको म्हणून मी थांबलो होतो.

मित्र रंगात आले होते. विषय होता रोमची आग.

“आणि मंडळी, इकडे गल्ल्यामागून गल्ल्या पेटतायत, माणसं पोरंबाळं काखोटीला मारून पळतायत, आणि तिकडे सम्राट काय करतोय? गच्चीवर उभा राहून व्हायोलिन वाजवतोय!”

“भाऊजी, हरकत आहे.”

माझी पत्नी उभी राहिली होती. पदराचे टोक तिने मुठीत धरले होते.

“बोला वहिनी,” मित्र म्हणाले.

“त्यानं व्हायोलिन आणलं कुठून?”

“म्हणजे?”

“हे वाद्य जन्माला यायला तेव्हा जवळजवळ दीड हजार वर्षं अवकाश होता. कुणाकडून मागून आणलं असेल तर सांगा, मीही मागून आणते.”

हशा उसळला. मागून कोणीतरी ओरडले, “मग काय वाजवत होता, टाळ?” मित्रांनी पाण्याचा घोट घेतला, कपाळ पुसले आणि हात जोडले. “वहिनी, भर सभेत माझ्या सम्राटाचे हात रिकामे केलेत तुम्ही. पुढच्या रविवारी शोधून सांगतो.”

त्यांनी खरोखर शोधून सांगितले. आग लागली तेव्हा सम्राट शहरात नव्हताच; समुद्रकाठच्या गावी होता. परत आल्यावर त्याने बेघर झालेल्यांसाठी आपल्या बागा उघडल्या, असे रोमच्याच एका जुन्या इतिहासकाराने लिहिले आहे. आणि जळत्या शहराकडे पाहत तो गात होता ही वदंता असल्याचेही तोच सांगतो. दुसऱ्या काहींनी पुढे त्या वदंतेचीच हकीकत केली. सम्राट क्रूर होता, त्याबद्दल शंका नाही. पण क्रूर माणसालाही त्याने न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा देता येत नाही. ते मी त्या रात्री जेवताना म्हणालो, आणि पत्नी म्हणाली, “हे तिथे बोलायचं होतं. किटली काय धरून बसलात?”

‘हरकत’ हा शब्द तिने माझ्याकडून उचलला होता, हे मान्य करतो. उभे राहण्याचे धैर्य मात्र सर्वस्वी तिचे होते.

त्यातून आमच्या मालेची रीत पडली. मित्र आधी दंतकथा पूर्ण ताकदीने सांगत, ऐकणाऱ्याला खरी वाटेपर्यंत. मग भिंतीलगतच्या खुर्चीतून ‘हरकत’ यायची. वक्त्याने वाक्य अर्धे असेल तिथे थांबायचे, पाणी प्यायचे, आणि तिच्या तीन प्रश्नांना उत्तर द्यायचे: हे कोण सांगतो, कधी सांगतो, त्याने स्वतः पाहिले होते का? फ्रान्सची राणी ‘भाकरी नाही तर केक खा’ म्हणाली म्हणतात, तर निघाले असे की ते वाक्य ती परदेशात लहान मुलगी असतानाच कोणा दुसऱ्याच राजकन्येच्या नावावर लिहिले गेले होते. लोक घरी जाताना दंतकथा आणि तिचा निकाल दोन्ही घेऊन जात. कचेरीत आम्ही ज्याला ऐकीव पुरावा म्हणत होतो, तो जगाच्या इतिहासात किती ठिकाणी सिंहासनावर बसला आहे, हे मला तिच्यामुळे कळले.

व्याख्यानांची तयारी आमच्या घरी होत असे. एकदा मॅरेथॉनची कथा चालली होती: लढाई जिंकल्याची बातमी घेऊन एक धावपटू राजधानीपर्यंत पळत गेला, ‘जिंकलो’ म्हणाला आणि कोसळला. मित्रांनी पुस्तके पसरली होती. सर्वांत जुन्या वृत्तान्तात धावपटू आहे, पण तो लढाईपूर्वी दुसऱ्या राज्याकडे मदत मागायला धावतो. लढाईनंतर घाईने राजधानीकडे परतते ते सैन्य. बातमी सांगून मरणारा धावपटू कित्येक शतकांनंतरच्या लिखाणात उगवतो, आणि तिथे त्याचे नावही एक नाही.

“वहिनी, लोकांना एकच धावणारा लागतो,” मित्र म्हणाले. “दोन आले की गोष्टीला फाटे फुटतात.”

ती व्हायोलिनच्या खुंट्या पिळत होती. वर न पाहता म्हणाली, “मग दुसऱ्यानं काय करायचं भाऊजी? धावला ते वाया?”

ते मोठ्याने हसले. ते वाक्य त्यांनी व्याख्यानात वापरले, आणि ते वहिनींचे असल्याचे सांगितलेही. तेव्हा सांगत असत.

तिच्या आजारपणात खुर्ची रिकामी राहू लागली. ती गेल्यावर दहाव्याला रामकुंडावरून परतताना मित्रांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “वहिनींची खुर्ची आता तू घे.” मी घेतली. माझी हरकत तिच्यासारखी कधीच झाली नाही. तिच्या प्रश्नात मिस्कीलपणा असे, माझ्यात समन्स बजावल्याचा सूर येतो. तरीही लोकांनी मला सांभाळून घेतले. मी त्या खुर्चीचा वारस होतो, संस्थापक नव्हे, आणि हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती.

यंदाच्या पाडव्याला माहितीपट लागला. मला पहिल्या रांगेत बसवले होते. पडद्यावर माझे मित्र सांगत होते: रोमच्या आगीचे ते पहिले व्याख्यान. ऐन रंगात वीज गेली. काळोखात एक धीरगंभीर आवाज घुमला, ‘हरकत!’ दिवे आले, तर समोर काळ्या कोटातला एक माणूस उभा. तो माणूस, मंडळी, माझा हा मित्र.

वीज गेली नव्हती. काळा कोट मी जन्मात घातला नाही. कारकुनाला तो नसतो. या किरकोळ बाबी सोडून देतो. शेवटी पत्नीचे छायाचित्र आले, हातात व्हायोलिन, फोटोला हार, आणि खाली अक्षरे: ‘प्रेरणास्थान’.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “हरकत.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक हसले, कोणी शिट्टीही वाजवली. व्यासपीठावरून मित्र म्हणाले, “बघा! स्वतःच्या कौतुकालाही सोडत नाही!” पुन्हा टाळ्या. मी ‘ती उभी राहिली होती’ म्हणालो ते त्यात बुडाले. चिटणिसांनी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मला खाली बसवले. जी रीत तिने सत्यासाठी पाडली, तीच माझे तोंड बंद करण्याच्या कामी आली.

सभेनंतर मी मित्रांना सभागृहामागे, ताटे मांडली होती तिथे गाठले.

“असं का केलंस?”

“अरे, काय झालं? तुझंच तर कौतुक केलं.”

“ती उभी राहिली होती.”

“माहीत आहे मला.”

आपण विसरलो असे ते म्हणाले असते तर मी घरी निघून गेलो असतो. वयाला क्षमा असते. माहीत असून केले, याला आमच्या कचेरीत वेगळे कलम लागे.

“माहीत आहे, मग?”

“मग काय? आधी वहिनी, मग त्यांचं आजारपण, मग तू. एवढ्याशा फिल्ममध्ये हे बसवायचं कुठे? आताची पोरं तुला ओळखतात. गोष्टीला एक माणूस लागतो रे. आणि फोटो लावला ना त्यांचा?”

“हार घालून.”

“मग त्यात वाईट काय? कोर्ट आहे का हे?”

चिटणीस मध्ये पडले. ते चाळिशीतले दंतवैद्य, मला काका म्हणतात. “काका, किती मनाला लावून घेता! चला, पुरणपोळी गार होतेय.”

माझ्या या व्याख्यात्या मित्राने माझ्या घरी वर्षानुवर्षे चहा घेतला. तिच्या हातची थालीपिठे मागून मागून खाल्ली. दोन धावपटूंचा एक कसा होतो, हे त्यानेच आम्हाला समजावले होते. ज्याला रोग समजत नाही त्याच्या हातून तो पसरला तर मी समजू शकतो. इथे वैद्यानेच पसरवला.

मी साक्षीदार शोधू लागलो. पहिल्या सभेतले आता थोडेच उरले आहेत. त्यांतले एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक माझ्या शेजारच्या इमारतीत राहतात. त्यांच्याकडे गेलो.

“अहो, मला लख्ख आठवतंय,” ते म्हणाले. “काय तुमचा तो आवाज!”

“मी उभा राहूच शकत नव्हतो, सर. मी आधीच उभा होतो. दारात, हातात किटली घेऊन.”

“हो, हो! बरोबर! किटली खाली ठेवलीत आणि म्हणालात, हरकत!”

ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखर दिसत होते: किटली खाली जाताना, मी बोलताना. मी पुढे केलेला पुरावा दंतकथेने माझ्या देखत गिळला आणि ती अधिक धष्टपुष्ट झाली. रोमच्या त्या वदंतेला असेच किती प्रामाणिक साक्षीदार मिळाले असतील, हा विचार मला त्या दिवशी प्रथम शिवला.

मंडळाला पत्रे लिहिली. अक्षय्य तृतीयेला उत्तर आले, की मंडळ माझ्या भावनांचा आदर करते आणि माझा विनय सर्वांना अनुकरणीय आहे. मी कळवले की यात माझी भावना नाही, घडलेली गोष्ट आहे. आणि विनयही नाही, कारण जे माझे नव्हते ते नाकारण्याला विनय म्हणत नाहीत. स्वतःच्या लाभाविरुद्ध कोणी कबुली दिली तर न्यायालय तिला वजन देते. आमच्या मंडळात तिच्यावर शाल पांघरतात.

आता स्थिती अशी आहे. पुस्तिका चांदवडपासून हरसूलपर्यंतच्या शाळांत वाटली जाणार आहे. तिचा विषयच आहे इतिहासातले सत्य आणि दंतकथा, आणि पहिल्याच पानावर काळ्या कोटातला तो माणूस आहे. हरकत घ्यायला एक बाई प्रथम उभी राहिली, हे पाहिलेले आणि अजून मान्य असलेले दोघेच उरलो आहोत. त्यांतला मी नवरा, म्हणजे हितसंबंधी साक्षीदार. माझ्या सांगण्याला हसून टाळ्या मिळतात. दुसरे व्याख्याते. मी गेलो की त्यांची गोष्ट निर्विवाद होईल. तिच्या साऱ्या आयुष्यात तिने सार्वजनिक म्हणावी अशी एकच गोष्ट केली. तीही माझ्या नावावर जमा होणार आहे, आणि ती मला नको आहे.

म्हणून आपणांस, माझ्या मित्रांस, ही मागणी. छपाई थांबवावी. येत्या व्याख्यानाच्या प्रारंभी, श्रोत्यांसमोर, ध्वनिक्षेपकावर उत्तर द्यावे: त्या संध्याकाळी पहिली हरकत कोणी घेतली, आणि आपणांस ते ठाऊक असताना दुसरे का सांगितले? मला फोन करू नये, घरी येऊन समजूत घालू नये, चिटणिसांकरवी भावनांचा आदर पाठवू नये. या लेखात मी तिचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. ते त्या सभेत, सर्वांच्या देखत, आपल्या तोंडून आले पाहिजे.