बारा हुकांची चोळी

भिवंडीच्या निजामपुऱ्यात कपडे शिवणारी आपा पाणी पाजल्याशिवाय कुणाच्याही अंगाला टेप लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी एक पेला पाणी आणि एक खारी पुढे यायची. खारी पोटात गेल्यावर आपा गळ्यातली टेप काढायची. नवऱ्या मुली कंबर बारीक यावी म्हणून पोट आत ओढून उभ्या राहत. आपा टेप धरून नुसती थांबायची, मग काहीतरी चावट बोलायची. पोरगी हसली की पोट सुटायचं आणि आपा आकडा बोलायची. "उपाशी पोट टेपाला खोटं सांगतं," ती म्हणायची. "आणि कोंडलेला दम त्याहून खोटं. लग्नात दिवसभर दम कोंडून बसणार हायस का, बेटा?"

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा वीस वर्षांची होते आणि कुणाशी तरी भांडून आले होते. कुणाशी ते आता आठवत नाही, त्या वयात मी रोजच कुणाशी तरी भांडायचे. आपानं टेप छातीभोवती धरली आणि परत गळ्यात टाकली. "बस. आधी राग काढ. रागात माप दीड इंच जास्त येतं." मला अजून राग आला. तिनं दुसरा पेला पाणी दिलं. तिसऱ्या पेल्यानंतर माप घेतलं. ते पोलकं मी नऊ वर्षं घातलं.

मी भिवंडीजवळच्या वळ गावची, आगरी घरातली पोर. धामणकर नाक्यावर पथारी टाकून कटपीस विकायला बसले तेव्हा घरच्यांनी बोलणं टाकलं होतं. पथारीचं दुकान झालं ते माझ्या तोंडाच्या जोरावर. घासाघीस करण्यात मला हरवणारा माणूस भिवंडीत अजून जन्मायचा आहे. आपाचं उलट. ती भाव एकदा सांगायची, आणि दिवसही एकदाच. अमुक दिवशी कपडा मिळेल म्हणाली की त्याच्या आदल्या दिवशी तो घडी करून तयार. तीस वर्षांत तिनं एकही कपडा उशिरा दिला नव्हता. निजामपुऱ्यात बायका लग्नाची तारीख आधी आपाला विचारायच्या, मग हॉलवाल्याला. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे.

ते एसएमएसनं मतं द्यायचे दिवस होते. टीव्हीवरचे ओळखीचे चेहरे जोडीनं नाचायचे, परीक्षक पाट्या वर करायचे आणि घरोघरी लोक मोबाइल घेऊन बसायचे. तसल्या एका कार्यक्रमाचा सेट आमच्या वळमधल्या एका गोदामात लागला. शूटिंग दिवसा चालायचं. त्यांना कापड तातडीनं लागायचं, म्हणून ते माझ्या दुकानी आले. मी कापडाबरोबर आपालाही गळ्यात मारलं. "कापड माझं हवं असेल तर शिवणार आपा," म्हटलं. मान्य झालं. आपा हसली, "मला ईचारलंस का?" विचारलं नव्हतं.

आपाकडे जी स्पर्धक आली ती एका मालिकेतली धाकटी सून. अख्खी भिवंडी तिला त्याच नावानं ओळखायची, मीही तेच नाव वापरते. मालिकेत सासूला सडेतोड उत्तरं देणारी ही पोरगी समोर आली तेव्हा आवाज निघत नव्हता. बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिच्याबरोबर नाचणारा आणि तिला नाच शिकवणारा एकच माणूस होता, त्याला सगळे मास्टर म्हणत. मास्टर हसतमुख. भेटला की सगळ्यांच्या पाया पडायचा. तिला मात्र सगळ्यांसमोर "म्हैस" म्हणायचा. "चल, म्हैस, उठ." युनिट हसायचं. एकदा मीही हसले, ते इथेच सांगून टाकते.

आपानं पहिल्याच दिवशी तिला खारी दिली. धाकट्या सुनेनं दाराकडे बघितलं आणि म्हणाली, "मास्टर ओरडतील." आपा म्हणाली, "वरडू दे. मी भैरी हाय." मग पोरगी खारी दोन्ही हातांत धरून खायला लागली.

आठवड्याला एक नवा पोशाख लागायचा. तिसऱ्या आठवड्याला आपा मला म्हणाली, "रंजू, ही पोर दर आठवड्याला एक बोट कमी व्हतेय." मी कात्री चालवत होते. मी म्हटलं, "बरंय की. कापड कमी लागतं." मी चहा मागवला, तो तिनं मशीनवर तसाच थंड होऊ दिला. ज्याच्या अंगाला आपण हात लावतो त्याची जबाबदारी आपली, हा तिचा नियम होता. दुसऱ्या दिवशी तिनं तो मला ऐकवला, वर म्हणाली, "तू कापडाला हात लावतेस, म्हणून तुला कळत न्हाय."

पुढच्या आठवड्यातली चोळी मोरपंखी होती, पाठीवर बारा हूक. त्या नाचात मास्टर तिला खांद्यावरून उलटी फिरवून खाली आणणार होता. शूटिंग दुपारी. आपानं चोळी सकाळी दहाला सेटवरच्या कपड्यांच्या खोलीत आणून ठेवली. मी स्वतः हूक तपासले, बाराच्या बारा. बाराच्या सुमाराला पोरगी खोलीत आली. पाणी झालं, खारी झाली. तिनं चोळी घातली, आपानं पाठीमागून हूक लावायला घेतले आणि नेहमीसारखी म्हणाली, "सोड दम."

तिनं सोडला नाही.

आपानं काहीतरी चावट सांगितलं. पोरगी हसायला गेली आणि कळवळून खाली बसली. आपानं चोळी काढली, दिव्याखाली तिला वळवलं. बरगड्यांवर दोन्ही बाजूंना डाग होते. काही निळे, काही पिवळे पडलेले, म्हणजे जुने.

"उचलताना लागतं," ती म्हणाली.

"बेटा, मी तीस वर्षं बायकांच्या अंगाला हात लावते," आपा म्हणाली. "उचलणारा हात कुठला आणि चिमटा काढणारा कुठला, ते मला सांगू नकोस."

मग तिनं सांगितलं. पाऊल चुकलं की मास्टर कॅमेऱ्याला दिसणार नाही असा चिमटा काढायचा. आदल्या दिवशी उचललेली असताना त्यानं मुद्दाम हात सोडले, "आता लक्षात राहील" म्हणाला. तेव्हापासून धड श्वास घेता येत नव्हता. तिनं सेटवरच्या वॉकीटॉकीवाल्या मॅडमला सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, "हे असंच रडत रडत कॅमेऱ्यासमोर बोल ना, छान येईल. फक्त त्याचं नाव घेऊ नकोस." डॉक्टर होता, पण कॅन्टीनमागे गाडीत पेपर वाचत बसायचा आणि सगळे ठीक असल्याच्या कागदावर रोज न बघता सही करायचा. नाचायला नाही म्हटलं तर करार मोडला म्हणणार, आणि मालिकाही जाणार.

मी म्हटलं, "आपा, आपण कपडेवाले. आपलं कोण ऐकणार?"

"कपडेवाल्यांचंच ऐकतील," आपा म्हणाली.

शिवण उसवायचं अर्धं ब्लेड ती पिनांच्या उशीत खोचून ठेवायची. ते तिनं काढलं, चोळी मांडीवर पालथी घातली आणि एकामागून एक बाराही हूक कापले. हूक बटणांच्या डबीच्या झाकणात टाकले. मग ओढणी पोरीच्या खांद्यावर टाकली आणि मला म्हणाली, "दार उघड."

बाहेर मॅडम उभ्याच होत्या. "आपा, पाँच मिनिट. रेडी?"

"कपडा तैयार नहीं है," आपा म्हणाली.

ती हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. मॅडम आत आल्या, चोळी पाहिली. "पिना लावा!"

"उलटी टांगनार ना तिला?" आपा हिंदी विसरली. "पिना सुटल्या तर देशभर दिसंल. लावू?"

एवढ्यात मास्टर आला, पाया न पडता. "ए बुढिया, काम येत नसेल तर घरी बस."

इथे मी पुढे झाले. आपाचा नियम मला तेव्हा कळला असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर आपाला कुणी बुढिया म्हटलं, एवढंच कळलं. पण ओरडले नाही. घासाघीस सुरू केली.

"दोन तास लागतील," मी म्हटलं.

"दहा मिनिट!" मॅडम म्हणाल्या.

"हाताचं काम आहे. पावणेदोन."

"वीस. वरून फोन येतोय मला."

"घ्या फोन. मी इथेच आहे. दीड."

"अर्धा तास, शेवटचं."

"अर्ध्या तासात देते," मी म्हटलं, "पण हूक लावेपर्यंत डॉक्टरला आणा. पोरीला चक्कर येतेय. शूटिंगमध्ये पडली तर मी आणि आपा साक्षीला उभ्या राहू, आणि माझा आवाज तुम्ही ऐकताय. नाक्यापर्यंत जातो."

दीड तासावरून अर्ध्या तासावर येणारी मी नव्हे. पण त्या दिवशी मला वेळ नको होता, डॉक्टर हवा होता. गिऱ्हाइकाला जिंकल्यासारखं वाटू द्यावं आणि आपल्याला हवं ते शेवटी हळूच मागावं, एवढं मला पथारीनं शिकवलं होतं.

डॉक्टर पेपर काखेत घेऊन आला. आपानं त्याला पेन दिलं नाही, आधी पोरीचा हात त्याच्या हातात दिला. "हात लाव. मग सही." त्यानं बरगडीवर दोन बोटं ठेवली आणि ती किंचाळली. दारात वीस माणसं जमली होती, सगळ्यांनी ऐकलं. आता त्याला सही करता येईना. संध्याकाळी एक्सरे निघाला, बरगडीला चीर होती. उलटी फिरवून खाली आणली असती तर काय झालं असतं, हे डॉक्टर आमच्याशी बोलला नाही. पेपर मात्र विसरून गेला.

धाकटी सून स्पर्धेतून बाहेर पडली. आणि टीव्हीवर काय दाखवलं? सूत्रसंचालक हसत हसत म्हणाला की भिवंडीच्या टेलरनं ऐनवेळी दगा दिला, चोळीच तयार नव्हती, म्हणून एक सुंदर जोडी तुटली. मास्टरनं डोळे पुसले. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्या मुलीबरोबर नाचला. परीक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, आणि अजून माझं डोकं तापतं.

अख्ख्या निजामपुऱ्यानं तो कार्यक्रम पाहिला होता. चौथ्या दिवशी एका नवरीची आई आली आणि दिलेलं कापड परत मागू लागली. "टीव्हीवाल्यांना दगा दिलास, आपा. माझ्या पोरीच्या निकाहात काय करशील?" आपानं कापडाची नीट घडी घातली आणि दिली. मी उठले तशी तिनं माझा पदर ओढून खाली बसवलं.

"का नाही सांगत?" मी नंतर ओरडले. "डॉक्टर आहे, एक्सरे आहे, मी आहे!"

"तिच्या अंगाची गोष्ट तिची हाय," आपा म्हणाली. "ती सांगंल तवा सांगंल. मापाची वही मी कुणाला दाखवते का?"

"आणि तुझं नाव?"

"माझं नाव काय, ब्लेडनं मीच उसवलं. पोर चालते-फिरते ना? झालं."

कुणाला न सांगण्याचा मी तिला शब्द दिला. पण गप्प बसणं मला जमत नाही. पुढची वर्षं मी आपावरून धामणकर नाक्यावर ज्याच्या-त्याच्याशी भांडले आणि कारण मात्र सांगू शकले नाही. कारण न सांगता भांडणाऱ्या बाईला लोक डोक्यावर पडलेली म्हणतात. म्हणोत. आपाकडे कामं कमी झाली, पण तिनं ते मनाला लावून घेतलं नाही. उशा शिवल्या, शाळेचे गणवेश शिवले. गणवेशाच्या पोरांनाही आधी पाणी, मग खारी, मग टेप.

आपा गेली तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई आली आणि दारापाशी बसली. ओढणी मागे सरली तेव्हा कुणीतरी कुजबुजलं, "धाकटी सून!" ती बायकांच्या मध्ये येऊन बसली आणि कुणी न विचारता सांगायला लागली. चिमटे, बरगडी, मॅडम, डॉक्टर, ब्लेड. रडली नाही. मालिकेत सासूला उत्तर द्यायची त्याच आवाजात बोलली. कापड परत नेणारी ती नवरीची आई तिथेच होती. तिनं तोंडाला पदर लावला. तिला मी अजून माफ केलेलं नाही.

निघताना पोरगी मला म्हणाली, "ताई, तुम्ही लिहा. माझं नाव घालू नका, बाकी सगळं घाला."

म्हणून लिहिलं. ती चोळी माझ्या दुकानात आहे, हूक डबीच्या झाकणात. कुणाला लावू दिलेले नाहीत. कापडाला हात लावून बघा, ब्लेडनं कापलेला दोरा आणि मुळात न घातलेला दोरा यातला फरक कुठल्याही दर्जीला कळेल. दुकानाच्या ट्रायल रूमबाहेर मी पाण्याचा माठ ठेवलाय आणि खारीचा डबा. गिऱ्हाइकं विचारतात हे कशाला, मी म्हणते पोट सोडा.

आपा असती तर म्हणाली असती, आधी राग काढ, मग लिही. राग निघत नाही, आपा. वाचणाऱ्यांनी हवं तर माझ्या रागाचे दीड इंच यातून वजा करावेत. उरतं ते माप पक्कं आहे. चोळी सकाळी दहा वाजता तयार होती, बाराच्या बारा हुकांसकट.