डोळा लाल झाला, ती उष्णता नव्हे

मंडळी, बोलून बोलून घसा बसला, म्हणून आजची गोष्ट लिहून आपल्या भजनमठाच्या फळ्यावर लावते आहे. वाचा तरी!

माझे यजमान नाचियार्कोविल गावी पितळी दिवे ओततात. तापलेल्या पितळेचा थेंब उडून त्यांच्या बुबुळावर पांढरा डाग पडला होता. महिन्यापूर्वी मद्रासच्या डॉक्टरांनी बुबुळाचा फक्त वरचा खराब पडदा काढून तिथे एका मृत माणसाच्या डोळ्याचा पडदा शिवला. घरी पाठवताना दोनदा बजावलं, "डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा."

डोळा चार दिवस लाल होता. हे मान खाली घालून वावरत होते, म्हणून आज सकाळपर्यंत मला कळलंच नाही.

"अहो, सांगायचं नाही?"

"आक्का म्हणाली, उष्णता आहे. शेजारी म्हणाले, मध घाला."

"आणि तुम्ही घातलात?"

"दोनदाच."

तशीच त्यांना घेऊन गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धावले. शिवलेल्यातला एक टाका सैल होऊन टोचत होता, कड सुजली होती. टाका काढून औषध घालत ते म्हणाले, "पडदा वाचेल. आणखी दोन दिवस थांबला असतात, तर मी शब्द दिला नसता."

मंडळी, कुणाच्या तरी घरच्यांनी अग्नी देण्याआधी, रडता रडता, हा डोळा आपल्याला दिला. उद्या ते दारात आले असते, तर मी काय सांगणार होते? मध घातला म्हणून?