मधुकररावांची चढती विहीर

"विहिरीत पाणी वाढतंय, ठीक आहे. पण ऐन उन्हाळ्यात?" साहेबांनी फोनवर विचारलं. मी धाड गावाजवळच्या एका खेड्यात, मधुकरराव नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीपाशी उभी होते.

मी भूजलाचं काम करते. जमिनीखाली पाणी किती आणि शेतीसाठी त्यातलं किती ओढलं जातं, ते मोजायचं. त्या गावात आम्ही मोटारींच्या पाइपांवर मीटर बसवले होते. काही विहिरींत सेन्सर सोडले होते. पाण्याची पातळी वर-खाली झाली की ते नोंदवतात. हे सगळे आकडे मॉडेलमध्ये जातात. मॉडेल या शब्दाला घाबरू नका. घरखर्चासारखाच हिशोब असतो तो. पावसाचं मुरलं ती आवक, मोटारीने उपसलं ती जावक.

तर या गावाची जावक आवकेपेक्षा कितीतरी जास्त येत होती. मग विहिरी आटायला हव्यात की नाही? त्या तेवढ्या आटत नव्हत्या. मधुकररावांची तर लाईन असली की, म्हणजे शेतातली वीज आली की, चक्क चढायची.

"सेन्सर बदला," साहेब म्हणाले. बदलला. तरी चढली.

"सेन्सरची दोरी सरकत असेल." दोरी तारेने आवळून बांधली. तरी चढली! माझं डोकं भणाणून गेलं.

घोळ नुसता माझ्या डोक्यात असता तर चाललं असतं. पण रिपोर्ट असाच गेला असता तर गाव 'अतिशोषित' ठरलं असतं. म्हणजे इथे उपसा फार झाला, आता सरकारी योजनेतून नवी विहीर बंद. आणि शेजारच्याच वावरात मधुकररावांच्या वहिनी, वंदनाताई, आमच्या आकड्यांपायी अडलेल्या विहिरीच्या मंजुरीची वाट बघत होत्या. नवरा गेल्यापासून एकट्याच वावर कसायच्या. पावसावर सोयाबीन, ते निघालं की दुसऱ्यांच्या मिरच्या तोडायला.

"मॅडम, माह्या विहिरीचं काय होऊन राह्यलं?" दिसले की विचारायच्या.

"बघते ताई," मी म्हणायचे. काय बघत होते, देव जाणे!

एका दुपारी त्यांनी बांधावर चहा आणला. कप तोंडाला लावते तोच लाईन आली आणि विहिरीत धो धो आवाज सुरू झाला. वाकून पाहिलं. कठड्याखालून एक काळा पाइप आत पाणी ओतत होता.

"हे काय?"

"बोअरचं पाणी. लाईन आली का ऑटोवर मोटर सुरू होते," वंदनाताई म्हणाल्या. "अख्ख्या गावाले ठाऊक हाये. बांधापलीकडच्या बोअरले मीटर तं तुम्हीच बसवलं!"

मधुकरराव आलेच मागून. "बोअरची धार बारीक हाये मॅडम. त्याच्यावर ठिबक चालत नाही. म्हून विहिरीत साठवतो, अन् मंग विहिरीवरच्या मोटारीनं मिरचीले देतो. समदेच असं करतात."

म्हणजे तेच पाणी बोअरच्या मीटरमधून एकदा गेलं आणि विहिरीच्या मीटरमधून पुन्हा. आणि आम्ही दोन्ही बेरजेत धरून बसलो होतो! हसावं की रडावं तेच कळेना.

मग मी गावभर पाइपांच्या मागे हिंडले. कुठलं पाणी कुठे जातं ते शोधलं, दुबार मोजलेलं वजा केलं. गाव अतिशोषित ठरता ठरता वाचलं, आणि वंदनाताईंची विहीर मंजूर झाली.

वंदनाताई हरखल्या. लगेच मला खोदायची जागा दाखवली, मधुकररावांच्या विहिरीला अगदी लागून. "थोडं बोअरचं असन, पण तिचे सोताचे झरे बी हायेत न?"

मी सेन्सरचे आकडे पुन्हा काढले. मध्यंतरी बोअरची मोटर जळली होती. तेवढे दिवस विहीर बोटभरही चढली नव्हती.

"ताई, इथे नका खोदू. ही आता विहीर नाही, टाकी आहे."

त्यांचा चेहरा उतरला, मग संतापला. "पह्यले म्हणे गावात पाणी नाही, म्हून विहीर नाही. आता पाणी हाये, तं म्हणता खोदू नका. नेमकं पाणी हाये का नाही, ते सांगा ना बाई!"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

"गावात आहे. इथे नाही," मी म्हटलं. त्यांना घेऊन वावराच्या उतारावर, नाल्याकडच्या कोपऱ्यात गेले. तिथे मुरूम खोलवर होता, आणि मुरूम पाणी धरून ठेवतो.

"इथं लागन?"

"लागेल असं वाटतं. छातीठोकपणे नाही सांगत."

त्यांनी तिथेच खोदली. पाणी लागलं. फार नाही, मिरचीपुरतं. मी मात्र तेव्हापासून मीटरचा आकडा वाचण्याआधी पाइपचं दुसरं टोक बघून येते.

परवा वंदनाताईंचा फोन आला.

"मॅडम, मधुकरभाऊचं बोअर आटलं. मी माह्या विहिरीतलं पाणी त्याच्या विहिरीत सोडून राह्यली. मोजाले याल तं ध्यान ठेवजा. एकदाच मोजजा!"