धक्क्यावरची दहा मिनिटं

आमच्या मिठबावच्या घरात भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. कोणी पुढे केलं, कधी केलं, ते विचारू नका. जामसंड्याला जाणारी एसटी चुकू नये म्हणून ते पुढे, आणि ते पुढे आहे हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे आम्ही दहा मिनिटं मनात वजा करून निवांत चहा पितो. एसटी चुकायची ती चुकतेच. गावात ज्याच्या घरी जाल त्याच्याकडे हाच प्रकार, त्यामुळे मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

माझी थोरली बहीण मुंबईच्या एका कंपनीची नोकरी घरच्या माडीवर बसून करते. कुठेतरी लांब असलेल्या ढीगभर संगणकांची ती राखण करते, आणि त्यातलं एक काम म्हणजे त्यांची घड्याळं बरोबर ठेवणं. मी नारळ-सुपारीचा धंदा करणारा माणूस. मला हसू आवरेना. घड्याळं लावायचा पगार मिळतो हे मला आधी सांगितलं असतं, तर मी माडावर कशाला माणसं चढवली असती?

तिने रागावून समजावलं असतं तर बरं झालं असतं. ती न रागावता समजावते, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक मशीनं राहतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाला वाटतं आपला संसार वेगळा, पण स्वतःचं खरं घड्याळ एकाकडेही नसतं. मोठं मशीन झोपलं की आतली सगळी जागच्या जागी थांबतात, आणि जागी झाल्यावर मध्ये वेळ गेला हे त्यांच्या गावीही नसतं. मग कोणालातरी त्यांना खरी वेळ सांगत राहावं लागतं. दुपारी मासे-भात खाऊन झोपल्यावर माझंही तसंच होतं, असं मी म्हणालो. तिने ते कौतुकाने घेतलं नाही.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण आमच्या खाडीच्या धक्क्यावर माझ्या बायकोचं नाव पणाला लागलं.

धक्क्यावरून पर्यटकांच्या होड्या सुटतात. ज्याची होडी आधी धक्क्याला लागली त्याची पाळी आधी, हा तिथला नियम, आणि त्यावर सगळ्यांची चूल पेटते. होडीवाल्यांच्या संस्थेच्या खोलीत माझी बायको खिडकीवर बसते. होडी आली, तिचा तांडेल म्हणजे नावाडी खिडकीशी आला, की ती त्याचं नाव घालून बटण दाबते आणि वेळ आपोआप पडते, त्या वेळेप्रमाणे यादी लागते. या हंगामापासून फोनवरून ‘आलो’ कळवायची सोय झाली. तरुणांनी ती लगेच उचलली, म्हातारे खिडकीवरच येत राहिले. बायकोचा भाऊ तरुणांतला. त्याचीही होडी त्याच धक्क्यावर.

थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली. सगळ्यांत जुने तांडेल खिडकीशी उभे असताना भावाची होडी त्यांच्या डोळ्यांदेखत मागून आली, आणि यादीत भाऊ त्यांच्या पुढे. एकदा झालं, पुन्हा झालं. मग तोंडं सुटली. भाऊ यायच्या आधीच बहीण त्याचं नाव घालून ठेवते म्हणे. फोनवाले बाकीचेही पुढे जात होते, पण ते कोणाचे भाऊ नव्हते ना! म्हातारे तांडेल भांडले नाहीत. ते खिडकीत वाकून तिच्या बोटांकडे बघत उभे राहायला लागले. "खंयचां नाव लिवतंस गो?" कुठलं नाव लिहितेस, एवढंच विचारायचे. त्यांच्या खांद्यावर ती लहानपणी बसलेली. घरी आली की ती जेवायची नाही, आणि भावाशी फोनवर बोलणंही तिने बंद केलं. रविवारी त्याच खोलीत सभा बोलावली होती. खिडकी तिच्याकडे ठेवायची की नाही, ते सभेत ठरणार होतं.

माझं डोकं तापलं. सभेत एकेकाची खरडपट्टी कशी काढायची याची तयारी मी नारळ सोलता सोलता करत होतो. बहीण माडीवरून खाली आली आणि म्हणाली, "तू जरा गप ऱ्हव. आधी माका बघांदे."

नणंद-भावजयीचं आमच्याकडे भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. तरी ती कामावर रजा टाकून धक्क्यावर गेली. संस्थेच्या खोलीत टेबलाखाली एकच मशीन. त्याच्या पोटात दोन बिऱ्हाडं: एक खिडकीचं, एक फोनचं. तिला पहिला संशय विजेचा. वीज जाते, मशीन झोपतं, घड्याळ मागे पडतं. पण खिडकीचं बिऱ्हाड मागे नव्हतं, पुढे होतं. दहा मिनिटं पुढे. फोनचं बिऱ्हाड इंटरनेटवरून वेळ विचारायचं, ते अगदी बरोबर. खिडकीचं आपल्या घरमालकाला, म्हणजे त्या मोठ्या मशीनला विचारायचं, आणि मोठं मशीनच पुढे. मान वर करून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तेही दहा मिनिटं पुढे. मशीन आणि भिंत, दोघांचं एकमत.

खिडकीवर आलेला प्रत्येक माणूस दहा मिनिटं उशिरा आल्याचं लिहिलं जात होतं, आणि एवढ्या माणसांत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. येणार कसं? हातातला फोन एक वेळ दाखवतो आणि भिंत दुसरी, याची आम्हाला जन्मापासून सवय. माणूस मनात वजा करतो. मशीनला कोणी सांगितलं नव्हतं वजा करायला.

"मग कर की आत्ता बरोबर," मी म्हटलं.

"आज बरोबर केलंय तर आयतवारी दाखवू काय?"

म्हणून सभेपर्यंत ती चूक तशीच राहिली, आणि तेवढे दिवस माझी बहीण लॅपटॉप घेऊन बायकोशेजारी खिडकीवर बसली. म्हातारे वाकून बघायचे तेव्हा त्यांना दोघी दिसायच्या. मला हे सुचलं नसतं. मला फक्त शिव्या सुचत होत्या.

मोठ्या मशीनचं घड्याळ कोणी हलवलं असेल, हेही आम्ही ओळखलं होतं. त्या खोलीची किल्ली मास्तरांकडे. निवृत्त झाल्यावर संस्थेचा कारभार तेच बघतात, आम्हा दोघा भावंडांना शाळेत त्यांनीच शिकवलं. सभेत त्यांचं नाव घ्यायचं असा माझा हट्ट होता. बहिणीने माझ्याकडे असं बघितलं की मी हट्ट गिळला.

सभेत ती उभी राहिली आणि तिने विचारलं, "तुमच्यातल्या कोणाच्या घरातलां घड्याळ बरोबर आसा? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "बरोबर ठेवून यष्टी चुकवची काय?" सगळे हसले. माझी बायको सोडून.

मग तिने म्हाताऱ्या तांडेलांना खिडकीशी उभं केलं. बायकोने सगळ्यांसमोर त्यांचं नाव घालून बटण दाबलं. त्यानंतर बहिणीने बायकोच्या भावाला फोनवरून ‘आलो’ कळवायला सांगितलं. मशीनचा पडदा सभेकडे फिरवला. भाऊ वर, तांडेल खाली. बहिणीने आपला फोन भिंतीवरच्या घड्याळाखाली धरला. हळूहळू एकेकाचा चेहरा बदलत गेला.

"तुमचे डोळे खोटे नाय," ती तांडेलांना म्हणाली, "आणि हिचो हातय खोटो नाय."

कोणी केलं, हे ती बोलली नाही. मग मास्तर उठले. ते आमच्याशीही शाळेतल्यासारखंच बोलतात. "मशीनचं घड्याळ मीच पुढे केलं," ते म्हणाले. "भिंतीवरच्याशी जुळत नव्हतं, मला वाटलं मशीन चुकतंय." आणि माझ्या बायकोकडे वळून त्यांनी हात जोडले. मला त्यांचा राग करता आला नाही. भर सभेत असं उठणं मला तरी जमलं नसतं.

सभा संपल्यावर मी पुन्हा घाई केली. आता तरी ओढ ते मागे! ती म्हणाली, "ओढलंय तर आता येतलो तो आधी इलेल्याच्या फुडे जातलो. तेका जरा हळू चलांदे, खरी वेळ येवन गाठतली." संध्याकाळच्या फेऱ्या अजून बाकी होत्या; घड्याळ मागे ओढलं असतं तर नंतर आलेल्याची वेळ आधी आलेल्याच्याही आधीची पडली असती. तिने घड्याळाचा एकही क्षण मागे नेला नाही. फक्त त्याची चाल मंद केली, आणि होड्या ये-जा करत असताना, कोणाची पाळी न मोडता, ते खऱ्या वेळेला येऊन मिळालं. मग दोन्ही बिऱ्हाडांना तिने एकाच ठिकाणी वेळ विचारायला लावलं आणि घरमालकाला विचारणं बंद करून टाकलं. मी शेजारी बसून बघत होतो. एवढ्या हलक्या हाताने चूक सुधारताना मी कोणाला पाहिलं नव्हतं. बहिणीचा इतका अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता, आणि तसं मी तिला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, चहा कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारे तांडेल खिडकीशी आले. वाकले नाहीत. "लिव गो," म्हणाले, आणि पडद्याकडे न बघता पाठ फिरवून होडीकडे चालू लागले.

बायकोने फोन केला तो मला नाही, माझ्या बहिणीला. माडीवर तो वाजलेला मी खालून ऐकला. वर गेलो तर बहीण फोन कानाला लावून नुसती ऐकत होती. पलीकडे माझी बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडत होती, आणि बहीण तिला थांबवत नव्हती.